घरी मालवणी बोलतो म्हणून मुलाला वाचता येत नाही, हे खरे आहे का?

प्रश्न : समुद्रकाठची आई (मालवण तालुका)

माझा मुलगा 9 वर्षांचा असून मराठी शाळेत चौथीत शिकतो. रापणीवर (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढायच्या ठिकाणी) ऐकलेली गोष्ट तो घरी येऊन जशीच्या तशी, माणसांच्या आवाजांसकट सांगतो. भरती-ओहोटीची वेळ तिथीवरून तोंडी काढतो. मात्र पुस्तकातील एक परिच्छेद वाचायला त्याला पंधरा मिनिटे लागतात आणि तरीही 'भात'चे 'मात' होते, 'घर'चे 'धर' होते, काना गळतो आणि जोडाक्षर आले की तो थांबतोच. वर्गशिक्षकांच्या मते आम्ही घरी मालवणी बोलतो म्हणून हे घडते, तेव्हा घरातही प्रमाण मराठीच बोलावी. सासूबाईंचे म्हणणे वेगळे : "तेचो बापूस पण असोच होतो, मोठो झालो काय येतला." पुढील वर्षी पाचवीची वार्षिक परीक्षा आहे आणि पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला आता त्याच वर्गात ठेवले जाते, म्हणून थांबून पाहण्याचा धीर होत नाही. हा बोलीचाच परिणाम आहे, की आणखी काही?

उत्तर : विशेष शिक्षिका, रत्नागिरी

ताई, निदान तज्ज्ञांनीच करायचे असते. परंतु बोलीचा प्रश्न आणि अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन न जमणे) यांतला फरक ओळखण्याची एक सोपी वाट घरातच आहे. 'माका भूक लागली', 'तू खंय जातंस?' अशी त्याच्या रोजच्या बोलण्यातली चार-पाच वाक्ये देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यापुढे ठेवा. ती त्याने सहज वाचली, तर अडचण पुस्तकातील अनोळखी शब्दांची आहे. आपल्याच बोलीतल्या वाक्यांवरही तो तसाच अडखळला, तर दोष मालवणीला देता येणार नाही, कारण मग आवाज आणि अक्षर यांची सांगडच नीट बसलेली नाही असे मानावे लागते. दुसरी गोष्ट केवळ तोंडी करावी. "'बांगडा'मधला 'बां' काढला तर काय उरते?" असे विचारावे. शब्दाचे आवाज सुटे करता न येणे हे वाचनदोषाचे (डिस्लेक्सियाचे) महत्त्वाचे लक्षण आहे.

आपली लिपीही अशा मुलांची परीक्षा पाहते. 'कि' म्हणताना 'क' आधी उच्चारला जातो, पण कागदावर वेलांटी आधी दिसते. 'सर्प'मधला रफार उच्चारात आधी येतो आणि बसतो मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. बहुतेक मुलांच्या हे न शिकवताच अंगवळणी पडते. ज्यांच्या पडत नाही, त्यांना ते उलगडून, पुन्हा पुन्हा आणि क्रमाने शिकवावे लागते.

सासूबाईंचे वाक्य मी धीर देणारे वाक्य म्हणून सोडून देणार नाही. वाचनदोष पुष्कळदा घराण्यात चालत येतो, त्यामुळे ती डॉक्टरांना सांगण्याजोगी माहिती आहे. मुलगा हुशार असणे आणि त्याला वाचता न येणे यांत विसंगतीही नाही. 1896 साली ब्रिटनमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी 14 वर्षांच्या ज्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली, त्याच्याविषयी शिक्षकांनी हेच सांगितले होते की शिक्षण सगळे तोंडी असते, तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता.

आता व्यवहाराचे. प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत, कारण या दोन्ही शंका आधी दूर व्हाव्या लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते आणि त्याच्या यादीत अध्ययन अक्षमता व अतिचंचलता दोन्ही आहेत. तेथून जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी मिळू शकते. तेथे बुद्धिमापन आणि वाचन-लेखन अशा दोन्ही चाचण्या लागतात, आणि वाचनाची चाचणी मराठीतूनच व्हावी असा आग्रह धरावा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठीतही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश असल्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. निदान साधारणपणे आठव्या वर्षानंतरच पक्के करतात. आपला मुलगा त्या वयाचा झालेला आहे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, कुडाळ

घरची मालवणी बंद करू नका. जी भाषा त्याला उत्तम येते तीच काढून घेतली, तर गोष्ट सांगण्याचा त्याचा आनंदही जाईल आणि वाचन काही सुधारणार नाही. मी स्वतः अनेक वर्षे अशा मुलांना चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावत असे. ती मुले तो शब्द विसाव्या वेळीही चुकीचाच लिहीत आणि मी त्यांना आळशी ठरवीत असे. पुढे एका प्रशिक्षणात माझी चूक मला कळली, तोवर कितीतरी मुले हातून गेली होती.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांच्या भेटीसाठी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. वर्गशिक्षकांना एवढीच विनंती करा की त्याची उत्तरे तोंडी ऐकावीत आणि त्याला सर्वांपुढे मोठ्याने वाचायला उभे करू नये. घरी रोज पंधरा मिनिटे पुरेत. पुळण तर दारातच आहे : ओल्या वाळूत हातभर मोठे अक्षर बोटाने गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा, एका दिवशी दोनच अक्षरे, पण 'भ'-'म' अशी दिसायला सारखी अक्षरे एकाच दिवशी घ्यायची नाहीत.

उत्तर : एक पालक, वेंगुर्ला

रुग्णालयात जाताना प्रगतिपुस्तकापेक्षा वह्या न्या. आम्ही पहिल्या खेपेस वह्या नेल्या नाहीत, म्हणून दुसरी खेप पडली. मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात हे आधी विचारून घ्या.

पुन्हा : समुद्रकाठची आई

सर्वांचे आभार. वाक्ये लिहून दिली. 'माका' त्याने 'मका' असे वाचले आणि स्वतःच हसला. 'बांगडा'मधला 'बां' काढल्यावर काय उरते, या प्रश्नावर तो म्हणाला, "'बां' काढल्यार तो बांगडा कसो रवतलो?" यजमान शेजारीच जाळे विणत बसले होते. त्यांनाही तीच वाक्ये वाचायला दिली, तेव्हा दुसऱ्या ओळीवर ते थांबले. सोसायटीचे कागद ते नेहमी भावाकडून वाचून घेतात, याचे कारण बारा वर्षांच्या संसारात मला आज कळले. बुधवारी ओरोसला जिल्हा रुग्णालयात आम्ही दोघेही त्याच्याबरोबर जाणार आहोत.

उत्तर : विशेष शिक्षिका, रत्नागिरी

वडिलांविषयीची ही माहिती तेथे जरूर सांगावी, मात्र त्यांची संमती असेल तरच. चाचणीला बराच वेळ लागतो, तेव्हा मुलाला खाऊ घालून न्या, आणि "परीक्षा आहे" असे सांगून नेऊ नका.