अनुभव धागा: "काकू, तुमची स्टाइल कोणती?"

उंबरठा
परवा नौपाड्यातलं घर रिकामं केलं. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय, महिनाअखेर चावी द्यायची आहे. हॉलमधलं शोकेस भिंतीलाच ठोकलेलं होतं, ते काढायला सुतार बोलावला. त्याने पहार घातली, कर्रकन आवाज झाला आणि मागची भिंत दिसली. पिस्ता रंग! बाकी घराला नंतर चारदा रंग लागला, पण शोकेसमागे १९९३ सालचा पिस्ता जसाच्या तसा. त्यावर पेन्सिलीने हिशेब लिहिलेला: ७ फूट × साडेतीन फूट, दारं ४, सरकत्या काचा २. आणि खाली कोपऱ्यात "चहा ६". मी तिथेच फरशीवर बसकण मारली.

तेव्हा स्टाइलबिइल कुणी विचारली नव्हती. सासऱ्यांनी सुताराला समोरच्या बिऱ्हाडात नेऊन त्यांचं शोकेस दाखवलं आणि म्हणाले, "हेच करा, फक्त आपल्याला एक कप्पा जास्त." झालं इंटिरियर. त्या जास्तीच्या कप्प्यात काश्मीरहून आणलेला शिकारा आणि आहेरात आलेले काचेचे ग्लास. सहातले पाच, एकदाही न वापरलेले.

आता तात्पुरत्या नाही, कायमच्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये जातोय. इंटिरियरवाली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. लॅपटॉप उघडून म्हणते, "काकू, तुमची स्टाइल कोणती? मिनिमल, स्कँडी, इंडस्ट्रियल, बोहो की जपांडी?" मी विचारलं, जपांडी गोड असते की तिखट? (जपानी आणि स्कँडिनेव्हियनची भेळ, हे नंतर कळलं.) दोन दिवसांत सांगा म्हणाली होती. पंधरा दिवस झाले.

तुम्ही कसं ठरवलंत? ठरवून फसलात का? लिहा.

कडीपत्ता
जपांडी गोड की तिखट, हसून हसून पुरेवाट. भिंतीचा फोटो काढलास ना गं?

उंबरठा
काढला. हात हलला, धूसर आलाय.

उत्तरेचा_गण्या
स्टॉकहोमहून लिहितोय, खऱ्याखुऱ्या स्कँडीच्या माहेराहून. इथे डिसेंबरात पावणेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. उजेड मिळेल तेवढा घरात खेळवायचा म्हणून भिंती पांढऱ्या, लाकूड फिकट, खिडक्यांना जाड पडदे नाहीत. आणि छताला एक मोठा दिवा असा प्रकार फार कमी. खिडकीत एक, टेबलावर एक, कोपऱ्यात एक असे पिवळे मिणमिणते दिवे. डिसेंबरात तर घरोघरी खिडकीत कागदाची चांदणी.

आई आली होती मागच्या दिवाळीत. दारातच थबकली आणि म्हणाली, "वीज गेलीय का रे?" तीन दिवस गप्प राहिली, चौथ्या दिवशी म्हणाली, "एक ट्यूबलाइट लाव बाबा, मला तांदळातले खडे दिसत नाहीत." इथल्या तांदळात खडे नसतात हे तिला अजून पटलेलं नाही.

तर्री_पोहे
गण्याभाऊ, हे आमच्या डिझायनरला सांगायला पाहिजे होतं! नागपूरला आमच्या हॉलला पश्चिमेची मोठ्ठी काच आणि पांढऱ्या भिंती. उजेड खेळवायचा म्हणे. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला का दुपारी चारला हॉलमध्ये गॉगल लावून बसा लागते.

आणि खरी गंमत म्हणजे त्या थ्रीडी चित्रात कूलरच नव्हता. सोफा होता, उंच कुंडी होती, पुस्तक वाचणारी एक गोरी बाई पण होती. कूलर कुठे ठेवू विचारलं तर म्हणे, "सर, एसी आहे ना." अहो, विदर्भात कूलर म्हणजे घरातला माणूस आहे! आता अर्धी काच काढून तिथे लोखंडी स्टँड केला, वाळ्याच्या ताट्या लावल्या. पाणी टाकलं का सुगंध सुटते मस्त. त्या बाईची काय हालत झाली असती माहीत नाही.

सोनचाफा
डोंबिवली पूर्वेला चांगला सुतार आहे का कोणाच्या माहितीत? फक्त दोन दारं खाली घासतायत.

पडवीतली
ठरवून फसणाऱ्यांत मी. रत्नागिरीला आईबाबांच्या घरात त्यांच्यासाठी मॉडर्न बेडरूम करून दिली. ऑनलाइन बेड, कपाट, ड्रेसिंग टेबल, सगळा एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचा) सेट. पहिला पाऊस. (आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, हे मीच कसं विसरले कोण जाणे.) ऑगस्टात कपाटाचं दार लागेना. सप्टेंबरात बेडचा खालचा कोपरा पाण्यात भिजलेल्या टोस्टसारखा फुगला. मागच्या बाजूला हिरवी बुरशी आली.

बाबा एक शब्द बोलले नाहीत. गोठ्याच्या माळ्यावरून आजोबांचा फणसाच्या लाकडाचा पलंग खाली काढला, तेलपाणी केलं आणि त्यावर झोपायला लागले. फणसाचं लाकूड नवं असताना पिवळंधमक असतं, जुनं झालं की मधासारखं होतं. गेल्या महिन्यात भाची आली होती, म्हणाली, "वॉव, रस्टिक!" बाबांनी मला विचारलं, रस्टिक म्हणजे गंजकं ना?

कडीपत्ता
बाबांना साष्टांग नमस्कार सांग.

रंधा_पटाशी
सुताराचा मुलगा आहे, म्हणून जरा लांबड लावतो. स्टाइल कुठलीही घ्या, आत प्लाय कुठलं हे आधी विचारा. ओट्याखाली, बेसिनखाली आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचं सरकारी मानक) शिवाय घेऊ नका. ते ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं अशी अट आहे. आयएस ३०३ मध्ये साधं एमआर, म्हणजे नुसत्या दमटपणाला तग धरणारं येतं, ते कोरड्या खोलीत ठीक. नुसता शिक्का बघून भागत नाही. बाबा दुकानातून तुकडा आणून आईच्या जुन्या कुकरात उकळत ठेवायचे. थर सुटले की माल परत. आमच्या घरात रविवारी मटणाच्या आधी कुकरात काय होतं हे विचारूनच पाहुणे जेवायचे.

दुसरं, दाराला बाहेरून भारी लॅमिनेट आणि आतून नुसता रंग, अशी काटकसर नको. एका बाजूला ताण बसतो आणि दार वाकतं. आतून स्वस्तातलं लावा, पण लावा. लोक सहा महिन्यांनी बिजागरीला शिव्या घालतात, तिची काही चूक नसते.

आणि उंबरठाताई, राग मानू नका, पण ते "चहा ६" म्हणजे तुमच्या घरचा चहा नव्हे. घरून चहा मिळाला नाही की कारागीर टपरीवरून आणतात, आणि तो हिशेब भिंतीवर नाहीतर प्लायच्या मागे लिहून ठेवतात. शेवटी मजुरीत धरायला. बाबांचा सगळा जमाखर्च असाच लोकांच्या कपाटांमागे आहे.

उंबरठा
अहो काय सांगता! मी रोज दोनदा चहा देत होते त्यांना! आलं घालून!!

रंधा_पटाशी
मग साखर कमी पडली असेल ताई.

शेवपुरी_कमी_तिखट
विषय सोडून विचारते, पण अर्जंट आहे. पांढरा क्वार्ट्झचा ओटा केलाय (मिनिमल!!). काल लोणच्याचा मसाला कालवताना हळद सांडली, लक्षात येईपर्यंत तास गेला. पिवळा भारताचा नकाशा झालाय. खायचा सोडा लावून झाला, लिंबू झालं.

कडीपत्ता
हळदीचा डाग उन्हात उडतो गं. साडीवरचा नाही का जात, तसाच.

शेवपुरी_कमी_तिखट
अगं, ओटा उन्हात कसा ठेवू?

तर्री_पोहे
नागपूरला आणा.

पडवीतली
सोड्याची घट्ट पेस्ट करून रात्रभर ठेव, वर ओलं फडकं. घासू नको, चरे पडतील. माझ्या सासूबाई म्हणतात काळ्या ग्रॅनाइटला नावं ठेवायची नाहीत, त्याने सगळ्यांची पापं पोटात घातली आहेत.

परळचा_बंड्या
वाचतोय सगळं, मजा येतेय. आमची स्टाइल १० बाय १२ची. खाट लोखंडी, चार विटा लावून उंच केलेली, म्हणजे खाली दोन ट्रंका, तांदळाचा डबा आणि माझा धाकटा भाऊ मावायचा. खरंच, तो आठवीपर्यंत खाटेखाली झोपला. त्याने खाटेच्या पट्टीला दिवा टांगला होता, अभ्यासाला. फळीवर पितळेचे डबे उतरत्या क्रमाने, दिवाळीला चिंच लावून घासलेले. दाराआड मोरी, मोरीवर पोटमाळा. पाहुणे आले की पुरुष गॅलरीत.

आता विरारला टू बीएचके आहे. भावाचं घर पवईला, सोळाव्या मजल्यावर, डिझायनरने केलेलं. त्याच्या बेडखाली हायड्रॉलिक स्टोरेज आहे. वास्तुशांतीला बेड उचलून दाखवत होता सगळ्यांना. मी हळूच म्हटलं, आत दिवा नाही लावलास? हसला नाही पहिल्यांदा, मग दोघेही हसत सुटलो. वहिनीला कळेना काय झालं.

उत्तरेचा_गण्या
बंड्याभाऊ, कडक.

माटुंगा_रोड
उंबरठा, ती फरशी कुठली होती? मोझॅक? सिमेंटच्या नक्षीच्या असतील तर चावी द्यायच्या आत चार-पाच काढून घ्या! आमची इमारत १९३०-४०च्या दशकातली, गोल बाल्कन्यांची, आर्ट डेको म्हणतात ती. मरीन ड्राइव्हच्या अशा इमारती २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या, तेव्हा आमच्या सोसायटीला अचानक आपल्या जिन्याचा अभिमान वाटायला लागला. त्याआधी तिथे सायकली ठेवायचे.

आमच्याकडे जमिनीला भारत टाइल्सच्या फरश्या आहेत. १९२२ साली स्वदेशीच्या वाऱ्यात मुंबईत सुरू झालेली कंपनी. या फरश्या भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंग ओतून, मागे सिमेंट भरून दाबतात आणि पाण्यात मुरवतात. रंगाचा थर चांगला जाड असतो, म्हणून ऐंशी वर्षं चपला घासूनही नक्षी जात नाही. भावाला त्यावर व्हिट्रिफाइड टाकायची होती, दोन बाय चारची, चकचकीत. मी आडवी पडले. शब्दशः. दुपारी मला तिथे झोपायची सवय आहे, थंडगार लागते.

उंबरठा
साधी मोझॅक आहे, पांढऱ्यात काळे-लाल ठिपके. पण आता काढावीशी वाटतेय. उद्या सुतार कडाप्प्याचं मांडणीचं कपाट न्यायला येतोय, त्याला सांगते.

गौरीची_सून
पुण्यातून. आमच्या मिनिमल घराचा पहिला भाद्रपद सांगते. भिंतीवर काही नाही, फर्निचर मोजकं, सगळं करड्या रंगात. नवऱ्याची हौस. गौरी-गणपती आमच्याकडे, यंदा पहिल्यांदाच. उभ्याच्या गौरी, साड्या नेसवून, मखर, फराळ, सोळा भाज्या. ठेवायच्या कुठे? टीव्ही युनिट हवेत तरंगणारं होतं, फ्लोटिंग, त्यावर किती वजन चालेल विचारलं तर डिझायनर म्हणाली, सेट-टॉप बॉक्स. वाड्यात सासूबाईंकडे दोन कोनाडे होते, गौरींसाठीच असावेत असे.

शेवटी डायनिंग टेबल भिंतीला लावलं, त्यावर माझ्या कांजीवरम, मागे बेडशीट. हॉल असला फुलला की नवरा म्हणाला, हे असंच राहू दे का? पाच दिवस झाल्यावर सगळं उतरवलं तेव्हा घर दवाखान्यासारखं दिसायला लागलं. तेव्हापासून एका भिंतीला गेरूचा रंग आहे. बाकी मिनिमल. म्हणे.

सोनचाफा
गौरी मस्त! (डोंबिवली पूर्व कोणी?)

बल्कांवावर
देव बरें करूं. गोंयहून. आमच्या जुन्या घरात खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे तुकडे आहेत, लाकडी चौकटीत बसवलेले. त्यातून ऊन दुधातून गाळल्यासारखं येतं. मुंबईच्या एका पाहुण्याने सुचवलं की काढून टाका आणि यूपीव्हीसीच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या खिडक्या लावा, आवाज बंद होईल. कसला आवाज, विचारलं मी. कोंबड्याचा, म्हणाला. कोंबडा ठेवला, खिडक्या ठेवल्या. पाहुणा येत नाही आता.

शेवपुरी_कमी_तिखट
अपडेट: नकाशा फिका झालाय. श्रीलंका गेली.

कडीपत्ता
बाई गं.

उंबरठा
तीन गोष्टी सांगते, मग दूध आणायला जायचंय.

एक. सुताराने छिन्नी घालून फरश्या काढल्या. पाच काढल्या, चार फुटल्या. एक अख्खी आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत.

दोन. तो धूसर फोटो डिझायनरला पाठवला, म्हटलं ही घ्या माझी स्टाइल. दोन मिनिटांत उत्तर, "काकू, हा सेज ग्रीन! सध्या सगळे हाच मागतात. हॉलला करू या." आता तिला कसं सांगू की माझ्या सासऱ्यांनी हा रंग बादलीला पाच रुपये कमी म्हणून घेतला होता. शोकेस मात्र करायचं असं मी तिला म्हणाले, एक कप्पा जास्त. तिने त्याला "डिस्प्ले युनिट" असं लिहून घेतलं.

तीन. काल रात्री सासूबाईंना सहज विचारलं (८६ वर्षं, कान तल्लख, सोयीपुरते). म्हटलं, सुतार होते तेव्हा मी शाळेत नोकरीला जायचे, दुपारचा चहा तुम्हीच देत होतात ना? जप थांबवून म्हणाल्या, "सकाळचा देत होते की. दोन-दोनदा काय द्यायचा, काम करायला आले होते ना."

रंधा_पटाशी
बाबांना फोन करून सांगितलं. सहाच म्हणजे लोक समजूतदार होते म्हणाले.

सोनचाफा
सुतार मिळाला, बिल्डिंगच्या वॉचमनचाच मेहुणा निघाला. येतोय चारला. चहा टाकून ठेवते.