ओहोटीच्या मागं चालताना: मालवण किनाऱ्यावरचे कोल्हापूरकरांचे अनुभव

फेब्रुवारीत मालवणला चालायला आलेल्या सगळ्यांनी आपापलं लिहा, पुढच्या हिवाळ्यात जाणाऱ्यांना उपयोग होईल. सुरुवात मी करते.

आपण घाटावरची माणसं. पन्हाळा ते पावनखिंड चिखल तुडवत जातो, पण तिथली वाट जागेवर असते. किनाऱ्यावरची वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. म्हणून तारीख ठरवताना आधी तिथी बघितली. कोकणातला ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. वद्य द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातच्या सुमारास. पौर्णिमा नुकती झालेली असल्यानं उधाणाचे दिवस, पाणी लांबवर हटतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, तेव्हा खडक नीट उघडे पडत नाहीत.

मंगळवार पेठेतून
रंकाळ्यावरनं रात्री निघालो, फोंडा घाट उतरून पहाटे मालवणात. रॉक गार्डनजवळच्या खडकांत जी डबकी राहतात ना, तिथनं माझे पाय हलेनात! परातीएवढ्या एका खळग्यात प्रवाळाचा हिरवट तुकडा, त्याला चिकटलेली दोन शंखं. त्यातलं एक चालायला लागलं. आत खेकडा! पोट मऊ असतं त्याचं, म्हणून रिकामा शंख शोधून त्यात राहतो. अंग वाढलं की मोठा शंख बघायचा. तेव्हापासून घरच्या पोरांना सांगतोय, शंख गोळा करून आणू नका, तिथं कुणाला तरी ते घर लागणार आहे.

राजारामपुरीतून
समोर सिंधुदुर्ग दिसत होता. त्याच्या भोवतीचं पाणी सागरी अभयारण्याच्या गाभ्यात येतं. १९८७ सालचं हे अभयारण्य, एकूण २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यात गाभा ३.१८२. दाजीपूरला गवा दिसला की आपण आपोआप आवाज खाली करतो. इथं जनावर पाण्याखाली, म्हणून लोक खडकावर चढून नाचतात, प्रवाळ पायाखाली मोडतं. मला याचं फार वाईट वाटलं. जिवंत प्रवाळावर पाय द्यायचा नाही, हे निघण्याआधीच सगळ्यांना सांगायला हवं.

उचगावहून
ओल्या वाळूवरनं चाला, कोरडीत पोटऱ्या भरून येतात. पाणी जास्त घ्या.

शाहूपुरीतून
तारकर्लीकडं जाताना रापण ओढणं चाललं होतं. होडीनं जाळं अर्धगोल टाकून आणलेलं आणि दोन्ही टोकांना माणसांची रांग. एका आजोबांनी "या वो, हात लावा" म्हटलं आणि आम्ही दोराला लागलो. तळहात सोलून निघाले. शेवटी जाळ्यात तारली, थोडे बांगडे. ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा ठरलेला असतो. आम्हालाही मूठभर देत होते, आम्ही नको म्हणालो. त्या दिवशी त्यांनाच कमी होतं.

कसबा बावड्यातून
आम्ही काहीजण दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला गेलो. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी तिथं जाळीच्या कुंपणात जपतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पिल्लं यायला ४५ ते ६० दिवस. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात, हे तिथंच कळलं. पिल्लं सोडताना सगळ्यांनी मोबाईल खिशात ठेवले, कारण ती उजेडाकडं जातात आणि आपला उजेड बघून समुद्राऐवजी उलटी वळतात. एक पिल्लू गाडीच्या चाकोरीत पडलं, त्याला वर येता येईना. कुणीतरी आदल्या संध्याकाळी पुळणीवर जीप फिरवली होती. तिथल्या दादांनी हातानं चाकोरी बुजवली, मग आम्ही सगळेच गुडघ्यावर बसून वाळू सारखी करत पाण्यापर्यंत गेलो.

पुन्हा सुरुवातीची
तारकर्लीच्या पुढं देवबागला चालत जाणार असाल तर सांगते, पुळण संपते तिथं कर्ली नदी समुद्राला मिळते. पलीकडं भोगवे. मधली धार चालत ओलांडायची नाही, ओहोटीलाही नाही. होडी मिळते.