क्रीममुळे किडनीचा त्रास झाला, दाव्यासाठी कागद कसे लावू?

अक्कलकोटरोडकर: बायको घरी युनिफॉर्म शिवते. मार्चमध्ये तिचे पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला. बायोप्सी झाली, रक्तात पारा जास्त निघाला. डॉक्टरांनी विचारलं, चेहऱ्याला काय लावता? आठ महिने गोरं करणारी क्रीम लावत होती, नवी पेठेतून आणलेली. डबीवर बनवणाऱ्याचा पत्ताच नाही. बिल नाही, पैसे फोनवरून दिलेले. ग्राहक आयोगात जायचंय. दोन पिशव्या भरून कागद आहेत, सुरुवात कुठून करू?

विजापूरवेस_ताई: दादा, आधी ती डबी सांभाळा. उरलेली क्रीम तशीच राहू द्या, झाकण लावून पिशवीत बंद करा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. खाजगी लॅबला सगळी देऊन टाकू नका. आयोग स्वतः नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तेव्हा माल शिल्लक पाहिजे. नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर समोरचा वकील म्हणेल, पारा दुसरीकडून आला असेल. 2020 च्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांप्रमाणे अशा क्रीममध्ये पारा घालताच येत नाही, नकळत आलेलासुद्धा 1 पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक भाग) वर चालत नाही.

मेडिकलच्या बिलांच्या आजच झेरॉक्स काढा. माझ्या सासऱ्यांच्या वेळी पत्र्याच्या कपाटात ठेवलेली बिलं मेपर्यंत पांढरीफटक झाली. शिक्का दिसत होता, रक्कम गेलेली. फार जिवाला लागलं होतं ते.

मग एका वहीत तारीखवार लिहा: क्रीम कधी आणली, सूज कधी आली, कोणती तपासणी कधी. प्रत्येक ओळीपुढे त्या कागदाचा नंबर. दवाखान्यातल्या केसपेपरची नक्कल लेखी अर्ज करून मागा, 72 तासांत द्यावी लागते. आणि वहिनींचं शिलाईच्या मजुरीचं पुस्तक विसरू नका, बुडालेली मजुरी त्यातूनच दिसेल.

कोर्टातला_माणूस: पत्ता नाही म्हणून खचू नका. बनवणारा कोण ते कळत नसेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विकणाऱ्यावर जबाबदारी येते, कलम 86. म्हणून खरेदीचा पुरावा पक्का करा. स्क्रीनशॉटवर थांबू नका, बँकेतून शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या. तुम्ही राहता तिथे, म्हणजे सोलापुरातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. वस्तूची किंमत 5 लाखांच्या आत, म्हणून फी नाही.

अक्कलकोटरोडकर: ताई, मजुरीचं पुस्तक आत्ता काढलं. फेब्रुवारीत रोज 14-15 शर्टांची नोंद आहे. 9 मार्चला 3. त्यापुढची पानं कोरी आहेत. उद्या सकाळी पहिल्यांदा त्याचीच झेरॉक्स काढतो.