ओतेल, हॉटेल, हॉस्टेल

प्रश्न : फ्रेंच शिकणारी भाची म्हणते, ‘मामा, हॉटेल नाही, ओतेल.’ मग आपण इतकी वर्षं चुकीचं बोलतोय का?

मुळीच नाही. फ्रेंच बोलताना ओतेल, मराठी बोलताना हॉटेल; भाचीचं बरोबर आणि तुमचंही. पण शब्द मोठा गोड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फ्रेंचमध्ये हा शब्द लिहिताना ‘ओ’वर एक छोटी टोपी घालतात. ती टोपी म्हणजे गळालेल्या ‘स’ची खूण. लॅटिन ‘होस्पेस’ म्हणजे पाहुणा, आणि त्याला ठेवून घेणारा यजमानसुद्धा. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘ओस्तेल’ आला : उतरायची जागा, घर. पुढे व्यंजनाआधीचा ‘स’ बोलण्यातून गेला आणि आधीचा ‘ओ’ लांबला. लिहिण्यात मात्र तो शतकानुशतकं टिकून होता. १७४० मध्ये फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत असे अनेक मुके ‘स’ काढले गेले आणि टोपी आली. (टोपी दिसली की ‘स’ गेला, असं सरसकट धरू नका. वय या अर्थाच्या ‘आज’ शब्दात टोपीखाली एक स्वर हरवलाय.)

आपल्याकडे हेच झालंय. हस्त, हत्थ, हात. ‘स’ आधी ‘त’मध्ये मिसळला, मग जोडाक्षर सुटलं आणि ‘ह’चा ‘हा’ झाला. मस्तकाचा माथाही असाच.

इंग्रजीने हा शब्द दोनदा उचलला. इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांची राजवट आली, त्यानंतरच्या काळात ‘स’सकट, तो हॉस्टेल; अठराव्या शतकात ‘स’शिवाय, तो हॉटेल. हॉस्पिटलही त्याच घरचं. इंग्रजीमार्फत तिन्ही भावंडं मराठीत आली आणि ‘ह’ आपण मोकळेपणाने उच्चारतो. गावाकडचं ‘हाटेल’ मला तर फार आवडतं.

अर्थाची गंमत आणखी मोठी. पॅरिसमधलं ‘ओतेल द व्हिल’ म्हणजे महापालिकेची इमारत. तिथल्या नोत्र दाम या प्रसिद्ध चर्चशेजारचं ‘ओतेल-द्यू’ हे रुग्णालय. चौदाव्या लुईने १६७० मध्ये जखमी, म्हाताऱ्या सैनिकांसाठी जे बांधायला घेतलं तेही ‘ओतेल’च. सरदारांचे शहरातले वाडेही ओतेल. आणि आपल्याकडे? ‘चल, हॉटेलात जाऊ’ म्हटलं की डोळ्यांपुढे मिसळ येते, खोली नव्हे. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा-भजी मिळतात. झोपायला लॉज शोधावं लागतं. याला अपभ्रंश म्हणणं मला पटत नाही. मराठीने या शब्दाला स्वतःचा अर्थ दिला आहे.

फ्रेंचमधला ‘ओत’ हा शब्द आजही यजमान आणि पाहुणा दोघांसाठी चालतो. कोण कोण ते वाक्यावरून कळतं.

आता तुम्ही सांगा : पुस्तक आणि पोथी मुळात एकच, पण आज पोथी म्हटलं की सोवळं आठवतं. जुना आणि झिजलेला, दोन्ही रूपं जिवंत, पण अर्थ वेगळे, अशा आणखी कोणत्या जोड्या तुमच्या बोलण्यात आहेत?