जालन्याच्या भट्ट्यांचा कार्बन कमी करायला सरकारने पैसा द्यावा का?

भट्टीशेजारी
जालना एमआयडीसीत एका छोट्या रोलिंग मिलचा (लोखंड लाटून सळई काढणारा कारखाना) मेंटेनन्स बघतो, 22 वर्षे झाली. माझं मत आधीच सांगतो: द्यावा, आणि तो लहान कारखान्यांना आधी द्यावा.

रोज काय बघतो ते ऐका. विजेवरच्या इंडक्शन भट्टीत भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून काढलेलं कच्चं लोखंड) वितळवून बिलेट, म्हणजे लांबट चौकोनी ठोकळे, ओततात. साच्यातून निघतं तेव्हा ते लालभडक असतं. ते यार्डात टाकून गार होऊ देतात. मग तेच बिलेट कोळसा जाळून परत 1,100-1,200 अंशांपर्यंत तापवतात, तेव्हा कुठे त्याची सळई निघते. गरम बिलेट थेट मिलमध्ये घेतलं (हॉट चार्जिंग म्हणतात त्याला) तर दुसऱ्यांदा तापवायला जाळलेला हा कोळसा जवळजवळ सगळा वाचतो. मोठ्यांनी ते केलंय. लहान मालकाची भट्टी एका टोकाला आणि मिल दुसऱ्या. सगळी मांडणी बदलायची तर काम बंद ठेवावं लागतं, आणि बंद मिलचा पगार कोण देणार?

केंद्राने 2023 मध्ये हरित हायड्रोजनला 19,744 कोटी मंजूर केले. चांगलंच आहे. पण हायड्रोजन लागतो तो खनिजापासून लोखंड काढायला. आम्ही भंगार वितळवणारे, आम्हाला त्याचा काय उपयोग?

कापूसवाला
दादा, तुमच्या चिमण्यांच्या खालच्या अंगाला माझं चार एकर रान आहे. दिवाळीच्या टायमाला कापूस वेचताना बायांची बोटं काळी होतात. व्यापारी बोंड हातात घेतो, फुंकर मारतो, आणि भाव पाडतो. कार्बन मला दिसत नाही, काजळी दिसते. दिवसा धूर कमी, रात्री बारानंतर सगळं आभाळ लाल-काळं. तक्रार केली की साहेब लोक दिवसा येऊन बघून जातात. आता तुम्ही म्हणता याच लोकांना सरकारनं पैसे द्यावेत. नुकसान आमचं आणि अनुदान त्यांना?

हिशोबनीस_संभाजीनगर
माझाही ठाम विरोध, पण कारण वेगळं. ज्या बदलाने कोळसा वाचतो तो बदल मालकाला नफाच देतो. नफ्याच्या कामाला जनतेचा पैसा कशाला?

आणि मागचा अनुभव काय सांगतो? 2016 पासून विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत होती, वर्षाला 1,200 कोटींच्या घरात. सवलत वापरलेल्या युनिटवर. म्हणजे जो जास्त वीज जाळेल त्याला जास्त पैसा. एक टन लोखंड वितळायला साधारण 600 युनिट लागतात. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरा, टनाला 420 किलो झाले. त्यावर आपण वर्षानुवर्षे सूट देत होतो, आणि आता तोच धूर कमी करायला परत पैसा द्यायचा.

नटबोल्ट_वाळूज
सर, युरोपचा विचार करा. बाहेरून येणाऱ्या मालावरचा त्यांचा सीमेवरचा कार्बन कर 1 जानेवारी 2026 पासून खरोखर लागू झालाय. आमचे नट-बोल्ट त्यात येतात. तिकडचा ग्राहक मेलवर विचारतो, एका टनामागे उत्सर्जन किती? आम्ही माल ज्यांच्याकडून घेतो त्यांच्याकडे मीटरच नाहीत, काय कळवू?

हिशोबनीस_संभाजीनगर
तुमची अडचण खरी आहे. पण जालन्याची सळई युरोपला जात नाही, ती इथल्याच स्लॅबमध्ये जाते. वाळूजचं दुखणं दाखवून जालन्याला औषध देऊ नका.

भट्टीशेजारी
हिशोबनीस सर, वीजसवलतीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. युनिटवर सूट देणं चूकच होतं. पण “नफा आहे तर मालक करेल” हे कागदावर. बीईईची (केंद्राचा ऊर्जाबचतीचा विभाग) जुलै 2025 ची योजना घ्या, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात 5 टक्के सवलत. 50 लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी अडीच लाख वाचतात. पण कर्ज मिळालं तर! आमच्या मालकांचा प्लॉट आधीच खेळत्या भांडवलासाठी गहाण आहे. बँकेचा पहिला प्रश्न, तारण काय? व्याजाची सवलत अशा माणसापर्यंत पोचतच नाही.

तुराटी
मी लातूरकडची, बॉयलरला ब्रिकेट पुरवते. पराटी (कापसाची वाळलेली झाडं), तुराट्या (तुरीच्या काड्या), सोयाबीनचं भुसकट शेतकरी बांधावर पेटवून देतात. तेच दाबून ब्रिकेट, म्हणजे जळणाचे ठोकळे, केले की कोळशाच्या जागी चालतात. द्यायचाच असेल तर पैसा ते गोळा करायच्या यंत्राला द्या, म्हणजे कापूसवाल्या काकांच्या हातातही काही पडेल. शेतकऱ्याला सौर पंपाच्या किमतीचे 10 टक्केच भरावे लागतात ना, तसंच काड्या बारीक करणाऱ्या श्रेडरलाही करा.

कापूसवाला
ताई, पराटीचं पटलं. मी दरवर्षी जाळतो, मलाही बरं वाटत नाही. पण मजूर लावून उपटायची, वाहून न्यायची, तर हातात काय उरतं? ते आधी सांगा. आणि माझ्या काजळीचं उत्तर अजून कुणीच दिलं नाही.

भट्टीशेजारी
काका, देतो. धूर गाळणाऱ्या बॅगफिल्टरचा पंखा मोठी वीज खातो. रात्री तो बंद केला की बिल कमी येतं, म्हणून काही ठिकाणी बंद करतात. मी स्वतः पाहिलंय आणि गप्प बसलोय. त्या पंख्याला वेगळं सीलबंद मीटर बसवा. भट्टी चालू आणि पंख्याचं युनिट शून्य, असं एका रात्रीही दिसलं तर त्या कारखान्याचं अनुदान तिथेच थांबवायचं.

कापूसवाला
आकडा आमच्या ग्रामपंचायतीत रोज सकाळी लावणार असाल तर माझी हरकत नाही. ऑफिसातल्या फायलीत ठेवणार असाल तर आहे.

हिशोबनीस_संभाजीनगर
मीटर मलाही पटलं. पण पैसा बचत मोजून झाल्यावर. आधी एक रुपयाही नको.

भट्टीशेजारी
म्हणजे सुरुवातीचा पैसा पुन्हा मालकानेच उभा करायचा, आणि तारण नाही म्हणून तो अडलाय. सरकारने निदान कर्जाची हमी घ्यावी, अनुदान मोजमाप झाल्यावर द्या. एवढं तरी चालेल का तुम्हाला?