भुताबाहेर भूत?

आडकित्ता :
आमच्याकडे एमआरआयच्या चित्राची तपासणी आता पायथॉन या संगणकभाषेतली स्क्रिप्ट करते. तंत्रज्ञांसाठी तिचं माहितीपत्रक मराठीत करतोय. फँटम म्हणजे माणसाच्या जागी ठेवतात ते पाणी भरलेलं नळकांडं. कोशात 'भूत'. तेवढं खपलं असतं, पण चित्रात जी सरकलेली फिकट प्रत उमटते ती घोस्ट! माझं वाक्य झालं, 'भुतात भूत दिसल्यास नापास.' वाचवा.

खडूफळा :
छद्मदेह. आणि घोस्ट म्हणजे छायाभास.

आडकित्ता :
'छद्मदेह आणा' म्हटलं तर आमचा वॉर्डबॉय शवागाराकडे जाईल हो.

निमपगारी :
आधी वाक्यच दुरुस्त करा. एसीआरच्या (अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी) चाचणीत घोस्ट फँटमच्या बाहेर शोधतात. भोवतीच्या हवेचे चार तुकडे घ्यायचे : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. हवा सगळीकडे सारखीच काळी हवी. एकाच दिशेच्या जोडीत, म्हणजे वर-खाली किंवा डावी-उजवीकडे, उजेड जास्त निघाला की घोस्ट. म्हणजे भुताबाहेर भूत. आणि नुसतं पाणी नसतं, निकेल क्लोराईड नि मीठ असतं.

सड्यावरचा :
घोस्टला 'चकवा' म्हणा. पायाखालच्या वाटेवर माणूस रात्रभर फिरतो तो चकवा. इथेही आकार ओळखीचा, जागा भलतीच.

खडूफळा :
चकवा माणसाला लागतो, चित्राला नाही.

पासरी :
भुताचा नाद सोडा. फँटमचा आतून 190 मिमी व्यास, 148 मिमी लांबी, हे आधीच ठाऊक असतं म्हणून तर चित्र ताणलंय का ते कळतं. आजोबांच्या दुकानात शिक्का मारलेलं शेर-अदशेर असायचं, तेच हे. 'माप' म्हणा, मोकळे व्हा.

आडकित्ता :
माप आवडलं. पण 'माप मोजा' कसं लिहू? शिवाय टॉलरन्स राहिलाच. चित्राच्या 5 मिमी जाडीच्या कापाला (स्लाइसला) 0.7 मिमी इकडेतिकडे चालतं. 'सहिष्णुता' लिहिलं तर साहेब हसले.

निमपगारी :
सूट.

पासरी :
सूट दिवाळीला. 'कमीजास्त चालेल' लिहा.

खडूफळा :
मग पत्रक कशाला, तोंडीच सांगा! परिभाषा नावाची काही चीज असते.

सड्यावरचा :
पाण्यातलं भूत म्हटल्यावर आमच्याकडे एकच नाव, गिऱ्हा. तोच फँटम! 'ग्रह' म्हणजे धरणारा, त्यावरून आला असणार.

खडूफळा :
काहीही. पुरावा?

सड्यावरचा :
आजी. नदीवर जाऊ द्यायची नाही.