पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांकडेच परत येत असेल तर जायचे कुठे?

प्रश्न (डिचोलीची आई)

धाकटा मुलगा २२ वर्षांचा, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. महिन्यापूर्वी रात्री स्कूटरचे कागद जवळ नव्हते म्हणून त्याला अडवले आणि पोलीस स्थानकात नेले. कुठले ते इथे लिहीत नाही. पहाटे चारला सोडले. कानशिलात बसल्याने डाव्या कानाचा पडदा फाटलाय, बांबोळीच्या जीएमसी रुग्णालयाचा कागद आहे. अर्ज घेऊन मी स्वतः गेले. पोच मागितली तर "ठेवून जा, साहेब बघतील."

शेजारी म्हणतात, पणजीला पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. पण तिथला अर्जही चौकशीसाठी पोलिसांकडेच येतो असे ऐकते. मला भरपाई नको. पोलीस नसलेल्या कुणीतरी त्या माणसाला समोर बसवून विचारावे, एवढेच हवे.

उत्तर (फोंडा, ३१ वर्षे वकिली)

ताई, तुम्ही मागताय तेच सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सांगितले आहे. राज्य प्राधिकरणावर निवृत्त न्यायमूर्ती, सोबत तीन ते पाच सदस्य, तेही पूर्णवेळ आणि योग्य मानधनावर. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे जागेवर जाऊन चौकशी करायला गुन्हे शाखा, गुप्तवार्ता, दक्षता अशा खात्यांतून निवृत्त झालेले तपासी अधिकारी घेता येतील, हेही त्याच निकालात आहे. शिफारस संबंधित अधिकाऱ्यांवर बंधनकारक.

मला राग येतो तो इथे. तपासाला स्वतःची माणसे दिली नाहीत, तर न्यायमूर्ती कितीही सचोटीचे असोत, त्यांच्या टेबलावर शेवटी पोलिसांनीच पोलिसांबद्दल लिहिलेला अहवाल येतो. जबाब घ्यायला गावात कोण जाणार, टंकलेखक कोण, गाडी कुणाची, यावर स्वातंत्र्य ठरते. निकालात जिल्हा पातळीवरही प्राधिकरण सांगितले होते. गोव्यात राज्याचे एकच ठेवले. राज्य लहान म्हणून ते चालेल, पण मग काणकोणच्या माणसाला प्रत्येक तारखेला दिवसाची मजुरी बुडवून पणजी गाठावी लागते.

तरीही अर्ज द्या. तारीख, वेळ, जीएमसीचा कागद, दुकानमालकाचे निवेदन जोडा. "चौकशी संबंधित पोलीस स्थानकाकडे देऊ नये" अशी लेखी विनंती पहिल्याच परिच्छेदात करा. सोबत एक प्रत स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३(४) खाली. त्यांनीही काही केले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आणि माहिती अधिकारात प्राधिकरणाची मंजूर पदे किती, भरलेली किती, तपासी अधिकारी किती हे विचारा. हा अर्ज तुमच्या मुलापुरता नाही, ताई, पुढच्या सगळ्यांसाठी आहे.

उत्तर (म्हापसा)

सीसीटीव्हीचे आजच लिहून द्या! परमवीर सिंह सैनी प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने प्रत्येक पोलीस स्थानकात कॅमेरे आणि १८ महिन्यांचे चित्रण सांगितले आहे, यंत्राची क्षमता कमी असली तरी किमान एक वर्षाचे. त्या रात्रीचे चित्रण जपून ठेवा, असे लेखी मागा. नंतर "पुसले गेले" म्हणायला जागा ठेवू नका.

उत्तर (सत्तरी, निवृत्त हवालदार)

मी खात्यात होतो, म्हणून बोलतो. एकदा माझ्याच सहकाऱ्याविरुद्धच्या तक्रारीत जबाब लिहायला मला बसवले. तक्रारदार म्हातारा आत बोलत होता आणि ज्याच्याबद्दल बोलत होता तो दाराबाहेर चहा पीत उभा होता. म्हातारा अर्ध्यावर गप्प झाला. मी तेवढेच लिहिले. गोव्यात कोण कुठल्या वाड्यावरचा हे सगळ्यांना ठाऊक असते, चौकशी करणाऱ्याला संध्याकाळपर्यंत चार फोन येतात. सरळ नोकरी करणाऱ्या शिपायालाही बाहेरची चौकशी हवी असते. खोटी तक्रार झाली तर खात्याने दिलेल्या निर्दोषपणावर गावात कुणी विश्वास ठेवत नाही.

डिचोलीची आई

हवालदारभाऊ, तुमचे वाचून मुलाला दाखवले. जबाबाला मी त्याच्याबरोबर बसू शकते का? नाहीतर तोही अर्ध्यावर गप्प होईल. वकीलसाहेबांनी सांगितलेले वाक्य अर्जात पहिलेच घातलेय. सोमवारी पहिल्या बसने भावोजींना घेऊन पणजीला जाते. पोच मिळाली की इथे लिहिते.